तुकड्यांचा आकार

आमच्या भोजनालयातल्या मटणाचे तुकडे लहान होत चाललेत, हे आधी गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, घरच्यांच्या नाही. घरची माणसं रोज तेच बघतात, त्यांना काय दिसणार? रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. त्यांनी एकदा ताटातला तुकडा दोन बोटांत धरला, दाराच्या उजेडाकडे नेला आणि काकाला विचारलं, "काहून गा, बकरा आजारी होता का?"

बकरा ठणठणीत होता. आजारी बाबा होते, पण ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

हे कळायला आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. आम्ही कोष्टी. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. माग गेला, मागाचा खड्डा राहिला, आणि आता त्या खड्ड्यात मसाला दळायची चक्की बसवली आहे. नागपूरच्या गोळीबार चौकाच्या आजूबाजूला अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे पूर्वी मागावर धोटा चालायचा आणि आता सावजी मटण शिजतं. पुढच्या खोलीत टेबलं, मागच्या खोलीत शेगड्या, वर आम्ही. मटण कापायचं आणि शिजवायचं काम काकाचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं. मसाला आईचा. बाबांचं काम गल्ल्यावर बसणं आणि चाखणं. त्यांनी चाखल्याशिवाय पहिलं ताट वाढायचं नाही, मग बाहेर रांग लागो की कोणी मंत्री येवो.

हे चाखणं तुम्ही समजता तसलं नाही. बाबांचा जिभेवर विश्वास नव्हता. "जीभ लबाड असते," ते म्हणायचे, "तिले काहीही आवडते. नरडं खोटं नाही बोलत." म्हणून शेगडीवरच्या उकळत्या गंजातून पळीभर रस्सा, वरच्या लाल तर्रीसकट, ते थेट घशात सोडायचे. पाठोपाठ मटणाचा एक तुकडा, जवळजवळ न चावता. मग डोळे मिटून, मान वर करून उभे राहायचे. रस्सा कुठे लागतो, कुठे जळतो, किती वेळात खाली उतरतो, याच्याकडे त्यांचं सगळं लक्ष. काका हातात झारा घेऊन निकालाची वाट बघायचा. "वाढ" म्हटलं की ताटं निघायची.

अशा माणसाच्या घशात घास अडकू लागला तर तो काय समजेल? घास चुकला असंच समजेल. बाबांनी आधी रस्सा दाट झाला म्हणून आईला बोल लावला. मग भाकरी कोरडी ठरली. मग त्यांनी काकाला बोलावून सांगितलं की तुकडे मोठे होऊन राहिले, लहान काप. काकाने जन्मात कधी मोठ्या भावाला उलट विचारलं नव्हतं. त्याने लहान कापले. काही दिवसांनी बाबा म्हणाले, अजून लहान. असं करता करता आमचं मटण खिम्याच्या वाटेला लागलं, आणि एका गिऱ्हाइकाने भाकरी बाजूला सारून चमचा मागितला.

आईला दुसरंच दिसत होतं. बाबा आमच्यासोबत जेवायला बसत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "चाखून चाखूनच पोट भरते." आणि पँट घसरते म्हणून त्यांनी खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं होतं.

मी विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी करते. स्वभाव तिखट आहे, घरचाच मसाला. मी बाबांना म्हटलं, दवाखान्यात चला. मला वाटलं होतं भांडण होईल, पण ते लगेच तयार झाले. का, ते रिक्षात कळलं. त्यांना डॉक्टरकडून लिहून हवं होतं की घसा ठीक आहे. तो कागद ते खाटकाच्या तोंडावर मारणार होते, कारण दोष त्याच्या बकऱ्यांत आहे अशी त्यांची खात्री झाली होती. "मानेचं मटण मिसळून राहिला तो," ते मला समजावत होते. "मी सिद्ध करून दाखवतो."

दुर्बीण घशातून आत गेली आणि काय ते सिद्ध झालं. अन्ननलिकेत, छातीच्या मधोमध, गाठ. तपासणीला तुकडा पाठवला, तोही कर्करोगाचाच निघाला. डॉक्टरीण बाई वयाने माझ्याएवढ्याच, बोलायला मऊ. त्यांनी बाबांना सगळं नीट सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खाटकाची चूक नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग त्याले उगाच बोललो मी," बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांना सगळ्यांत जास्त वाईट त्याचंच वाटलं, किंवा तेवढंच त्यांना दाखवता आलं.

घरी आल्यावर कारणं शोधायचं काम सुरू झालं. आत्याच्या मते नजर लागली होती. शेजाऱ्यांच्या मते तिखट. आईने मसाल्याचा डबा असा काही दूर सारला की जणू त्यानेच गुन्हा केला असावा. काका तर रडवेला होऊन दिवसभर म्हणत होता, "कशानं झालं असन गा हे?" आणि हे म्हणताना तो तळहातावर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना. बाबाही तोच खर्रा तरुणपणापासून खात आले होते. डॉक्टरीण बाईंनी पहिलं नाव खर्ऱ्याचं घेतलं होतं, पण आमच्या गल्लीत खर्ऱ्याला कोणी कारण म्हणत नाही. मी म्हटलं तर काका माझ्याकडे बघून म्हणाला, "तसं कसं? मी बी खातो नं."

मग उपचाराची गोष्ट आली आणि आमच्या घराची अब्रू पणाला लागली.

बाईंनी सांगितलं की आधी काही आठवडे औषधोपचार, नंतर ऑपरेशन. औषधोपचार म्हणजे छातीवर किरणं द्यायची आणि सोबत सलाइनमधून इम्युनोथेरपी. नेहमी देतात त्याहून किरणांची मात्रा खूप कमी ठेवायची. ही पद्धत अजून अभ्यासाच्या पायरीवर आहे, भरपूर मात्रेचा जुना रस्ताही मोकळा आहे, घरी विचार करा, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. मला त्यांचं बोलणं पटलं. बाबांना पण पटलं. आम्ही घरी येऊन सांगितलं, आणि काकाच्या हातातला झारा खाली आला.

"कमी?" तो म्हणाला. "काहून कमी?"

एक समजून घ्या. आमच्या भोजनालयात 'कमी' हा शब्द पुण्यामुंबईच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आहे. कोणी कमी तिखट मागितलं की काका आतून हाक देतो, "एक कमी," आणि सगळं भोजनालय जेवण थांबवून त्या माणसाकडे बघतं. तो बिचारा पाणी पितो. त्या भोजनालयाच्या मालकाला, ज्याने पन्नाशी उलटेस्तोवर उकळती तर्री घशात सोडली, त्याला कमी किरणं? काका म्हणाला, गरीब समजून राहिले आपल्याले. आत्या म्हणाली, मशीनच खराब असन. गल्लीतला एक शहाणा म्हणाला, उरलेली किरणं दुसऱ्याला विकतात.

दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ निघालं. काका, आत्या, रेल्वेचे गृहस्थ (त्यांना सरकारी कामाचा अनुभव म्हणून) आणि मी, लाज वाटायला. सोबत डबाभर मटण. काकाने डबा टेबलावर ठेवला आणि हात जोडले. "म्याडम, आमच्या माणसाले पूर्ण द्या. तो सहन करून घेईन. तुम्ही त्याले वळखत नाही."

बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी आहे. त्यांनी कागदावर चित्र काढलं. म्हणाल्या, जास्त मात्रेने आपण गाठ जाळतो. इथे कमी मात्रेने जाळायचं नाही, फक्त डिवचायचं आहे. शरीराचे स्वतःचे पहारेकरी असतात. ही गाठ त्यांना आत येऊ देत नाही, आणि जे येतात त्यांना गुंगवून ठेवते. थोड्या किरणांनी तिथे गडबड उडते, पहारेकरी धावून येतात. आणि सलाइनमधलं औषध त्यांची गुंगी उतरवतं. जास्त किरणं दिली तर आलेले पहारेकरीही त्यात जळायचे.

काकाने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे दादाचे पहारेदार झोपून राहिले," तो म्हणाला.

"साधारण तसंच," बाई म्हणाल्या.

बस. त्या दिवसापासून चौकात कोणी बाबांची तब्येत विचारली नाही. सगळे विचारायचे, "पहारेदार उठले का?" भाजीवाली विचारायची. पिठाच्या गिरणीवाला विचारायचा. आत्याने त्यांना उठवायला म्हणून सकाळी बाबांच्या छातीशी घंटी वाजवणं सुरू केलं, आणि बाबाही गुपचूप बसून राहायचे, कारण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

किरणांनी बाबांची मात्र घोर निराशा केली. पहिल्या दिवशी ते मशीनखालून उतरले आणि बाहेर बसलेल्या मला म्हणाले, "काही लागलंच नाही वं." जळजळ नाही, चटका नाही, काही नाही. एक आवाज झाला आणि घरी जा म्हणाले. पाणीदार रस्सा वाढल्यावर गिऱ्हाईक जसं तोंड करतं, तसं तोंड करून ते रिक्षात बसले. पुढेही रोज तेच. त्यांनी एकदा मशीनवरच्या मुलीला सुचवूनही पाहिलं की थोडं वाढवून पाहा, मी कोणाला सांगत नाही.

सलाइनचं औषध त्यामानाने आवडलं, कारण त्याने अंगाला खाज सुटली. पाठीवर, दंडावर लाल पुरळ आलं. बाईंनी मलम दिलं, नजर ठेवायला सांगितली. बाबा गल्ल्यावर बसून पट्टीने पाठ खाजवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समाधानाने सांगायचे, "काम करून राहिलं." या काळात त्यांच्या पोटात पेज, ताक आणि दुधात कालवलेली पावडर, एवढंच जात होतं. चाखायचं काम थांबलं नव्हतं. रस्सा ते अजूनही घशात सोडायचे, पण थंड करून आणि चमचाभर, आणि निकाल द्यायला फार वेळ घ्यायचे. त्या वेळात आई त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची. मलाही बघवत नसे.

आणि मग एका सकाळी पळीभर रस्सा गेला. मागून तुकडाही गेला. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "कोणता तुकडा होता?"

"रोजचाच," काका म्हणाला.

"मंग मोठा काप नं गा."

मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले. काका रडत होता, आई रडत होती, आणि रडत रडतच त्यांनी मटण कापलं. रविवारी रेल्वेच्या गृहस्थांनी तुकडा उजेडाकडे नेला, फिरवून बघितला आणि काही न बोलता खाल्ला. तुकडे वाढतच गेले. बाबांच्या गालावर मांस आलं, पट्टा जुन्या भोकावर गेला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि तो जेमतेम पुढच्या तपासणीपर्यंत टिकला.

तपासणी चांगली आली. म्हणजे भानगड अशी झाली की ती फारच चांगली आली. दुर्बिणीतून गाठ जवळपास दिसेनाशी झाली होती. पण तिथून घेतलेल्या नमुन्यांपैकी एकात कर्करोगाच्या पेशी अजून होत्या. डॉक्टरीण बाई खूश होत्या. म्हणाल्या, हेच हवं होतं, आता ऑपरेशन करून टाकू, ही वेळ दवडायची नाही. अन्ननलिकेचा खराब भाग काढायचा आणि जठराची नळी करून ती वर छातीत आणून जोडायची.

बाबांनी विचारलं, "पोट वर नेणार? मंग खाली काय राहीन?"

बाईंनी पुन्हा चित्र काढलं. या वेळी बाबांनी चित्राकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की ऑपरेशन होणार नाही. जे दिसतच नाही ते कापायचं कशासाठी?

मी समजावलं. आई बोलली. काका मात्र पूर्ण उलटला. पहारेदार उठलेत, त्यांनी गाठीला हाकलून लावलं, आता त्यांच्या घरात घुसून कापाकापी कशाला, असं तो म्हणू लागला. भोजनालयात याच्यावर रोज चर्चा व्हायची. टेबलाटेबलांत दोन पक्ष पडले. जो ऑपरेशन करा म्हणेल त्याला काका रस्सा दुसऱ्यांदा वाढायचा नाही, त्यामुळे आमचा पक्ष लवकरच दुबळा झाला. पुराव्याचं काम स्वतः बाबा करायचे. मी समोर दिसले की ते काकाकडून मोठ्यात मोठा तुकडा मागवायचे, माझ्या डोळ्यांत बघत तो गिळायचे आणि हात पसरायचे, पाहून घे.

सगळ्या नागपुरात आपला बाप पोटभर जेवतो म्हणून चिडणारी मुलगी मी एकटी असेन. त्यांचा एकेक घास माझ्या विरुद्ध जात होता. मी त्यांच्याशी भांडले, मग बोलणं टाकलं. रागाखाली भीती होती, दुसरं काही नव्हतं. घसा मोकळा आहे तोवर हा माणूस ऐकणार नाही आणि घसा बंद झाल्यावर ऐकून उपयोग नाही, हे मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

बाईंनी तरीही ऑपरेशनची तारीख दिली होती, ती बाबांनी पोळ्यानंतरवर ढकलली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि गावातली जी म्हणून पीडा असेल ती घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगायचं. महागाई घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा, खड्डे घेऊन जा. यंदा आमच्या चौकातल्या पोरांनी घसा फोडून ओरडून घेतलं, "सावजीच्या नरड्यातली गाठ घेऊन जा गे मारबत." बाबा ओट्यावर उभे राहून हात जोडत होते. संध्याकाळी त्यांनी माझा अबोला मोडून सांगितलं, आता तर काही उरलंच नाही. बाईंचे फोन येत होते. ते उचलायचं काम माझ्याकडे होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी खाली उतरले आणि वाकड्यात शिरायचं म्हणून गिऱ्हाइकासारखी टेबलाशी जाऊन बसले. काकाने ताट आणून ठेवलं. भाकरी, रस्सा, कांदा, लिंबू. मी रस्स्यात बोटं घातली आणि तुकडा उचलला.

तो लहान होता.

मी दुसरा उचलला. तोही लहान. शेजारच्या टेबलावर रेल्वेचे गृहस्थ होते. त्यांच्याही ताटात तसेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना केव्हाचं माहीत होतं. मी तुकडा धरून उठले आणि गल्ल्यापाशी गेले. बाबा सुट्टे पैसे मोजत असल्याचं दाखवत होते. मी तुकडा त्यांच्यासमोर धरला.

"तुकडे कोणी लहान करायला लावले?"

बाबांनी आणखी एक नाणं बाजूला सरकवलं. मी काकाकडे वळले. सगळं भोजनालय ऐकत होतं. ऑपरेशनविरोधी पक्षाचा हा पुढारी झाऱ्याला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता.

"मले काय माहीत वं," तो म्हणाला. "दादा म्हणे काप, म्या कापले."

तेवढ्यात आई आतून आली. हाताला मसाला होता. तिने माझ्या हातातला तुकडा घेतला, पाहिला आणि बाबांसमोर गल्ल्यावर ठेवला. आई गिऱ्हाइकांदेखत बाबांशी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"अवो, नरडं खोटं नाही बोलत म्हणता नं तुम्ही," ती म्हणाली. "मंग तुम्ही काहून खोटं बोलून राहिले?"

बाबांनी तो तुकडा बोटाने बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "मारबतीपासून अडकून राहिलं."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढीच त्यांची दया आली. मी काही बोलणार तर तेच पुढे म्हणाले, "पोट वर नेतीन. नरडंच नाही राहीन माह्यं. मंग मी चाखू कायनं? गल्ल्यावर बसून नुसते पैसे घेऊ का?" इतके दिवस आम्ही सगळे गाठीशी आणि पहारेदारांशी भांडत होतो, आणि या माणसाची भीती वेगळीच होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांच्या ताटात लहान लहान करून ती वाढली होती.

त्याच आठवड्यात आम्ही दवाखान्यात गेलो. बाई म्हणाल्या, गाठ परत वाढली असेल किंवा बरी झालेली जागा आवळली असेल, दोन्ही होऊ शकतं, पण आता थांबायचं नाही. बाबांनी चित्र मागितलं आणि या वेळी नीट पाहिलं. घशाचा वरचा भाग तुमचाच राहील, असं बाईंनी दोनदा सांगितलं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार कलेपर्यंत चाललं. आपल्याकडे काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. सर्जन दाराशी आले, ट्रे पुढे केला आणि कोण बघणार विचारलं. काका पुढे झाला. त्याला कशाचीच किळस नाही. रोज सकाळी बकऱ्याची आतडी, आमच्याकडे तिला सुंदरी म्हणतात, तो आपल्या हाताने धुतो, उलटी करतो, कापतो. तो बघायला गेला तो जाणकाराच्या ऐटीत. ट्रेमध्ये पाहिलं, थोडं वाकला, आणि सवयीने त्याचे हात पुढे झाले. मग त्याने ते मागे घेतले. "एवढंसंच असते का?" असं काहीतरी म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसले. त्याने खिशातला खर्रा काढला, बघितला आणि परत ठेवला. पुढे आठवडाभर त्याने खर्रा खाल्ला नाही. सुंदरी मात्र तेव्हापासून आमच्या भोजनालयात बनत नाही, आणि कारण विचारलं तर काका म्हणतो, मिळत नाही.

काढलेल्या भागाचा तपास आला. भिंतीच्या आत, दुर्बिणीला दिसणार नाही अशा जागी, थोडा रोग उरला होता. तो सगळा निघाला होता, कडा स्वच्छ होत्या. पुढची तपासणी ठरल्या वेळी होत राहील. बरे झालात असं बाई अजून म्हणत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

घरी आल्यावर बाबांना थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायला सांगितलं होतं. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही. ते अर्धे झाले होते, आवाज बसला होता. रस्सा आता आई चाखते. बाबांच्याच रीतीने, पळीभर, थेट घशात. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती मान वर करून उभी राहिली. बाबा खुर्चीवर बसून तिच्या गळ्याकडे बघत होते. "उतरला?" त्यांनी विचारलं. "उतरला," ती म्हणाली. मग त्यांनी काकाला सांगितलं, "वाढ."

बाईंनी मटणाला हो म्हटलं त्या रविवारी बाबा खाली आले आणि गल्ल्यावर न बसता टेबलाशी बसले. भोजनालय भरलेलं होतं. काकाने त्यांच्यासाठी ताट आणलं. मालकाचा मान म्हणून त्यात गंजातला सगळ्यांत मोठा तुकडा होता. आसपासचे लोक जेवायचे थांबले. बाबांनी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग बाजूच्या ताटांत पाहिलं. तिथे सगळीकडे मोठेच तुकडे होते. त्यांनी ताट हाताने पुढे सरकवलं आणि बसक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "मले बारीक करून दे गा. माह्याच्यानं मोठा गिळल्या जात नाही. लोकायचे तसेच राहू दे."